शाल-नारळ पुरे, आता गाणाऱ्या पोरीचं मानधन द्या

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

गणपती मंडळांच्या बैठका आता चालू झाल्यात म्हणून हे पत्र आताच लिहितोय, एकदा बजेट ठरलं आणि वर्गणीच्या पावत्या फाडायला सुरुवात झाली की मग कोणाला काय सांगून उपयोग होत नाही. मी गेली २२ वर्षं बेळगावात साऊंडचं काम करतोय. शहापूरला छोटं गोडाऊन आहे, गणपती, शिवजयंती, लग्नं, भजनी मंडळं, निवडणुकीच्या सभा, सगळीकडं माझे स्पीकर गेलेत, त्यामुळं कुठल्या मंडळात कोणाला किती पैसे मिळतात हे मला दुसऱ्यानं सांगायची गरज नाही, मी तिथंच मिक्सरच्या मागं बसलेला असतो.

गेल्या वर्षी अशाच एका मंडळात माझ्या सख्ख्या भाचीचा कार्यक्रम झाला. ती २१ वर्षांची आहे, बी.कॉम. झालीय, दिवसा एका दुकानात अकाउंट बघते आणि संध्याकाळी गाणी करते, म्हणजे नुसती गाते असं नाही, स्वतः लिहिते, चाल लावते, लॅपटॉपवर वाजवते आणि ॲपवर टाकते. त्या दिवशी तिनं सहा गाणी म्हटली, त्यातली दोन स्वतःची. पोरं मोबाईलचे टॉर्च लावून उभी होती, पहिल्या रांगेतल्या बायका टाळ्या वाजवत होत्या. कार्यक्रम संपला तेव्हा मंडपवाल्याला पैसे मिळाले, लायटिंगवाल्याला मिळाले, जनरेटरवाल्याला मिळाले, मला पण मिळाले. तिला शाल, नारळ आणि अध्यक्षांबरोबर फोटो. मी बाजूला घेऊन विचारलं तर एक कार्यकर्ता अगदी प्रेमानं म्हणाला, "अहो घरचीच पोरगी की ती, तिला काय पैसे द्यायचे?" आणि दुसरा म्हणाला, "तिला काय कमी हाय, युट्युबला एवढे व्ह्यूज हैत की."

साहेब, त्या दोन वाक्यांनी मला त्या रात्री झोप लागली नाही. माणसं वाईट नव्हती, चांगलीच होती, अडीअडचणीला धावून येणारी. पण त्यांना खरंच असं वाटतं की ॲपवर गाणं आलं म्हणजे पोरीच्या खात्यात पैसे यायला लागले. मला पण दोन वर्षांपूर्वीपर्यंत तसंच वाटायचं. म्हणून जे मला भाचीच्या शेजारी बसून हळूहळू कळलं ते इथं लिहितो, कारण हे आपल्या मराठी पेपरात कोणीतरी लिहायला पाहिजे.

स्पॉटिफायसारख्या ॲपवर गाणं किमान ३० सेकंद वाजलं की त्याला एक स्ट्रीम म्हणतात. आता लोकांना वाटतं एका स्ट्रीमचा काहीतरी ठरलेला रेट असेल, रिक्षाच्या मीटरसारखा. तसं नाहीये. महिन्याभरात एका देशातून वर्गणीचे आणि जाहिरातीचे जे पैसे जमतात त्यातले साधारण दोन तृतीयांश गाण्यांच्या मालकांसाठी बाजूला निघतात आणि ते सगळ्या गाण्यांमध्ये वाटले जातात, एकूण ऐकण्यात तुमच्या गाण्याचा जेवढा हिस्सा तेवढे तुमचे. म्हणजे मी वर्गणी भरून महिनाभर फक्त भाचीचंच गाणं ऐकलं तरी माझे पैसे तिला जात नाहीत, ते त्या मोठ्या पातेल्यात जातात आणि पळीभर कोणाला किती ते मुंबईच्या सिनेमाच्या गाण्यांवर ठरतं. त्यात आपल्या देशाचं पातेलंच लहान. स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी २०१९ ला आलं तेव्हा महिन्याची वर्गणी ११९ रुपये होती, अमेरिकेत तेव्हा जवळजवळ दहा डॉलर. आणि आपल्यातले बहुतेक लोक तेवढे पण भरत नाहीत, जाहिरात ऐकत फुकट ऐकतात. त्यामुळं आपल्याकडच्या एका स्ट्रीमचे जे होतात ते पैशातच मोजायचे, रुपयात नाही.

आणि अजून एक आहे. २०२४ पासून नियम असा की मागच्या १२ महिन्यात गाण्याचे किमान १००० स्ट्रीम झाले नसतील तर त्या गाण्याचे काहीच पैसे मिळत नाहीत. भाचीचं पहिलं गाणं त्या हजाराच्या अलीकडंच थांबलं. ती रोज रात्री बघायची, आज किती, आज किती. शेवटी बघायचं बंद केलं. युट्युबचं वेगळं, तिथं १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास बघणं झालं पाहिजे किंवा ९० दिवसात शॉर्ट्सला, म्हणजे छोट्या व्हिडिओंना, १ कोटी व्ह्यूज, तेव्हा कुठं जाहिरातीतला वाटा सुरू होतो, आणि तो सुरू झाला तरी १०० डॉलर साठेपर्यंत हातात येत नाही. तिचे सबस्क्रायबर झालेत, तास अजून व्हायचेत. मग त्या कार्यकर्त्यानं बघितलेल्या व्ह्यूजचं तिला काय मिळालं? अजून एक रुपया नाही.

खर्च मात्र खरा आहे आणि रोख आहे. पहिल्या गाण्याला मिक्सिंग, मास्टरिंग, कव्हरचं डिझाईन आणि छोटा व्हिडिओ धरून १८ हजार गेले, तिच्या पगारातले. माईक आणि तो लॅपटॉपला जोडायचा इंटरफेस मी दिला तो वेगळा. रेकॉर्डिंग घरातच, माडीवरच्या खोलीत, भिंतीला दोन रजया लावून, आणि खाली गल्लीतनं गाडी गेली की परत पहिल्यापासून, म्हणून ती रात्री बारानंतर गायची आणि माझी बहीण बिचारी फॅन बंद करून गप्प झोपायची. शिवाय गाणं ॲपवर टाकायला मधे एक डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गाणं ॲपपर्यंत पोचवणारी कंपनी, लागतो, त्याची वर्षाची फी. स्पॉटिफायच्या प्लेलिस्टसाठी त्यांच्या माणसांकडं गाणं पाठवायचं तर रिलीजच्या किमान सात दिवस आधी, त्यात गाण्याचा मूड कुठला, वाद्यं कुठली, भाषा कुठली हे सगळं भरायचं. ही सगळी कामं पूर्वी कंपनीतली दहा माणसं करायची, आता एक पोरगी दुकानातनं घरी आल्यावर करते.

तरुण पोरं मला अमेरिकेतल्या बिली आयलिश या गाणाऱ्या पोरीचं उदाहरण देतात. तिनं २०१५ ला १३ वर्षांची असताना भावाबरोबर घरातल्या बेडरूममध्ये केलेलं गाणं साऊंडक्लाऊड नावाच्या ॲपवर टाकलं आणि जानेवारी २०२० ला वयाच्या १८ व्या वर्षी ग्रॅमीची चारही मोठी बक्षिसं एका रात्रीत घेतली. खरं आहे, आणि त्या पोरीच्या कष्टाला आणि गळ्याला माझा नमस्कार. पण तिच्या बेडरूमच्या बाहेर लॉस एंजेलिस होतं आणि घरात आईवडील दोघंही ॲक्टर. आमच्या पोरीच्या खोलीबाहेर शहापूर आहे, पुणं साडेतीनशे किलोमीटर आणि बेंगळूर पाचशे. आपल्या मराठीतलं उदाहरण द्यायचं तर जळगावकडचा संजू राठोड आहे, २०२४ ला मराठीत गाऊनच देशभर पोचला, ते बघून भाचीला केवढा हुरूप आला होता. म्हणजे होऊ शकतं. पण हजारात एकाचं तसं होतं आणि बाकी नऊशे नव्व्याण्णव पोरापोरींना तोपर्यंत पोट आहे.

आता आपल्या भागाची गोष्ट, ती पुण्या-मुंबईच्या पेपरात कोणी लिहिणार नाही. माझ्या फोनवर गाण्याचं ॲप उघडलं की समोर कानडी आणि हिंदी गाणी येतात, मराठी शोधावी लागतात. कानडी गाण्याशी माझं काही भांडण नाही साहेब, भाची स्वतः कानडी फार सुंदर गाते, शाळेत शिकलीय, सौंदत्तीच्या यल्लम्माची गाणी आमच्याकडं दोन्ही भाषेत चौंडक्यावर ऐकत आम्ही मोठे झालो. मला एवढंच म्हणायचंय की इथल्या मराठी पोरीचं नवीन गाणं इथल्या मराठी माणसाच्या फोनवर आपोआप येत नाही. ॲप काय बघतं, तर पहिल्या काही दिवसात किती जणांनी गाणं पूर्ण ऐकलं, किती जणांनी सेव्ह केलं, किती जणांनी मधेच पुढं ढकललं. त्यावरनं ते पुढं कोणाला दाखवायचं ते ठरतं. म्हणजे पहिला ढकला आपणच द्यायचा असतो, मग गाडी पुढं चालते.

आणि आपण काय करतो? गाणं डाऊनलोड करून व्हॉट्सॲपवर पाठवतो. भाचीचं दुसरं गाणं आपल्या भागात खूप फिरलं, मला स्वतःला अकरा ग्रुपवर आलं, खानापूरच्या वडाप जीपमध्ये पेनड्राईव्हवरनं वाजताना मी कानांनी ऐकलंय, ड्रायव्हरला सांगितलं माझी भाची आहे तर त्यानं माझं भाडं घेतलं नाही. केवढं प्रेम! पण त्या फाईलचा एक सुद्धा स्ट्रीम मोजला जात नाही. त्या अकरा ग्रुपवर फाईलच्या ऐवजी लिंक फिरली असती तर हजाराचा तो उंबरा आठवड्यात ओलांडला असता. पाठवणाऱ्यांना हे माहितीच नव्हतं, मला तरी कुठं होतं, मी पण पहिल्यांदा फाईलच पाठवली होती.

त्या गाण्याबद्दल थोडं सांगतो कारण मला त्याचा फार अभिमान आहे. ते आपल्या बेळगावी बोलीत आहे. मिक्सिंगला पुण्याला पाठवलं तर तिथल्या माणसानं फोन करून सांगितलं, "हे 'येऊलालास' कोणाला कळणार, 'येतोयस' कर, शुद्ध होईल." ती नाही म्हणाली. मी पण तिला म्हटलं होतं कर की बाई, जास्त लोक ऐकतील, तर म्हणाली, "मामा, मी आईशी जशी बोलते तशीच गाणार." आणि गाण्याखाली ज्या कमेंट आल्या त्या वाचून दाखवल्यात तिनं मला, दुबईला असलेला कडोलीचा माणूस, पुण्यात कंपनीत असलेली निपाणीची मुलगी, गोव्यात हॉटेलात काम करणारा खानापूरचा पोरगा, सगळे एकच लिहितात की घरी आल्यासारखं वाटलं. पुण्याच्या त्या माणसाचे कान तयार असतील, पण या बाबतीत तो चुकला असं माझं स्पष्ट मत आहे.

गोव्यावरनं आठवलं. भाचीला आज गाण्याचे जे काही पैसे मिळतात ते गोव्यातनं मिळतात. महिन्यातनं दोन-तीन शनिवारी मी तिला माझ्या ओम्नीतनं चोर्ला घाटानं घेऊन जातो, तिथं हॉटेलात पाहुण्यांसमोर ती तीन तास हिंदी आणि इंग्लिश गाणी म्हणते, दुसऱ्यांची, आणि संपल्याबरोबर पाकीट हातात. कोणी विचारत नाही तुझे व्ह्यूज किती. रात्री अडीच-तीनला परत, पावसाळ्यात घाटात धुकं एवढं की मी गाडीची काच खाली करून रस्त्याची कड बघत चालवतो आणि ती मागं झोपलेली असते. मला एवढंच सलतं की परक्या गावात दुसऱ्याच्या गाण्याला पैसे आणि स्वतःच्या गावात स्वतःच्या गाण्याला नारळ.

काही लोक म्हणतील कला अशी पैशात मोजू नये. मग आपल्याच मातीतली मोठी माणसं बघा. कुमार गंधर्व १९२४ ला इथं सुळेभावीत जन्मले, कानडी घरात, आणि मराठी माणसानं त्यांना डोक्यावर घेतलं. हुबळीच्या गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या रेकॉर्डी १९३० च्या दशकात 'गांधारी' या नावानं निघाल्या, त्यात मराठी भावगीतं पण होती. तेव्हाच्या तव्याच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, तासभर राग गाणाऱ्यांना त्या तीन मिनिटात बसावं लागलं आणि ते बसले. आज भाचीला पहिल्या ३० सेकंदात मुखडा आणावा लागतो, नाहीतर ऐकणारा पुढं जातो, ते मला खटकतं पण मशीन बदललं की गाणं बदलतं हे आधीपासून चालत आलंय. फरक असा की तेव्हा रेकॉर्ड ऐकून लोक मैफलीला बोलवायचे आणि मैफलीवर घर चालायचं. आज पण रीत तीच आहे, ॲपवर नाव होतं आणि घर कार्यक्रमावर चालतं. मग कार्यक्रमालाच पैसे दिले नाहीत तर त्या पोरीनं जायचं कुठं?

दोन धोक्याच्या गोष्टी पण लिहितो, आपल्या भागातली बरीच पोरं आता या वाटेला लागलीत त्यांच्या आईवडिलांसाठी. एक म्हणजे, "तुझं गाणं आमच्या चॅनलवर टाकतो, तुला फेमस करतो" असं सांगत कोणी कागद पुढं केला तर वाचल्याशिवाय सही करू देऊ नका. भाचीला असा एक कागद आला होता, सगळे हक्क कायमचे आणि जगभरासाठी, बदल्यात एक व्हिडिओ शूट. मी एका ओळखीच्या वकिलाला दाखवला. तेव्हा कळलं की २०१२ ला कॉपीराईट कायदा बदलला, त्यात गीत लिहिणाऱ्याचा आणि चाल लावणाऱ्याचा रॉयल्टीतला वाटा सही करून पण सोडता येत नाही, तो वारसाला किंवा रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या त्यांच्या कॉपीराईट सोसायटीलाच देता येतो. लिहिणारे आणि चाल लावणारे यांच्यासाठी आयपीआरएस नावाची सोसायटी आहे, १९६९ पासूनची, गाणाऱ्यांची वेगळी आहे. भाची लिहिते पण, चाल लावते पण, गाते पण, तिचे तीन वेगवेगळे हक्क आहेत हे तिला स्वतःला पण तेव्हाच कळलं. सही केली नाही. बरं झालं.

दुसरं, इंटरनेटवरनं विकत घेतलेली बीट, म्हणजे गाण्यामागचं तयार वाजवलेलं संगीत. तिसऱ्या गाण्याला तिनं तसं केलं, पैसे भरून घेतली होती, पण ती बीट तोच माणूस अजून पन्नास जणांना विकत असतो, आणि त्यातल्या कोणीतरी ती स्वतःच्या नावावर लावून ठेवली होती. गाणं टाकल्यावर दुसऱ्याच दिवशी क्लेम आला, म्हणजे हे संगीत आमचं असा दावा. चूक तिची नव्हती, पण त्या गाण्यावर उद्या जाहिरात लागली तर पैसे तिसऱ्यालाच जाणार. दीड महिना ईमेल करून शेवटी तिनं गाणंच काढलं आणि माझ्या एका ढोलकीवाल्या मित्राला बसवून सगळा ताल नव्यानं रेकॉर्ड केला. आणि हो, "इतक्या रुपयात लाख व्ह्यूज" असे जे मेसेज येतात त्याच्या नादाला तर लागूच नका, खोटे स्ट्रीम सापडले की ॲप दंड लावतं आणि गाणं सुद्धा काढून टाकतात.

आता माझी विनंती. ती मंडळांना आहे, नाट्यमंडळांना आहे, शिवजयंतीला रात्रभर मिरवणुकीत देखावे काढणाऱ्या गल्ल्यांना आहे, आणि लग्नात संगीत ठेवणाऱ्या आईवडिलांना पण आहे. डॉल्बीला किती मोजतात ते मला माहितीये कारण ते बिल मीच लिहितो. त्यातला एक भाग, अगदी एका स्पीकरच्या जोडीचं भाडं, स्थानिक गाणाऱ्या पोरापोरीसाठी बजेटमध्ये आधीच लिहून ठेवा, शाल-नारळाच्या ओळीत नको, मानधनाच्या ओळीत. रक्कम कमी असू दे पण आधी ठरवा आणि कार्यक्रमाच्या दिवशी हातात द्या, ॲडव्हान्स दिलात तर अजून चांगलं. त्यांना सांगा की निदान दोन गाणी स्वतःची म्हण. स्टेजच्या मागच्या बॅनरवर अध्यक्ष आणि देणगीदारांच्या फोटोबरोबर गाणाऱ्याच्या गाण्याचा क्यूआर कोड छापा, एवढ्या मोठ्या फ्लेक्सवर तळहाताएवढी जागा लागते, समोर बसलेल्या पाचशे माणसांनी तिथल्या तिथं उघडून ऐकलं तर काय होतं ते बघा. आणि व्हॉट्सॲपवर फाईल नको, लिंक पाठवा.

तुम्हाला पण एक विनंती आहे साहेब. आपल्या पेपरात नवीन सिनेमाचं येतं, नाटकाचं येतं, कुठल्या हिरोचा वाढदिवस ते पण येतं. आठवड्यातनं एकदा चार ओळी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या पोरापोरींच्या नवीन गाण्याला द्या. चांगलं असेल तर चांगलं लिहा, वाईट असेल तर वाईट लिहा, पण लिहा. त्यांच्या घरची माणसं ते कात्रण देव्हाऱ्याजवळ लावून ठेवतील, आणि कार्यक्रमाचे पैसे मागायला जाताना पोरगी ते बरोबर नेईल, कारण छापलेल्या कागदाला आपल्याकडं अजून मान आहे.

आणि मी नुसतं दुसऱ्यांना सांगत नाही. यंदाच्या गणपतीत जे मंडळ आपल्या भागातल्या गाणाऱ्या पोराला किंवा पोरीला रोख मानधन देऊन त्यांचा तासाभराचा कार्यक्रम ठेवेल, त्या तासाचं साऊंडचं भाडं मी घेणार नाही, स्टेज माईक, मॉनिटर आणि ऑपरेटर सकट. गाणारी माझी भाचीच पाहिजे असं नाही, उलट दुसरं कोणी असेल तर जास्त आनंद होईल. फक्त अकराही दिवसांचं बुकिंग माझ्याकडं आषाढातच भरायला लागतं, तेव्हा तारीख लवकर सांगा.

(माझं नाव छापू नये, मंडळं सगळी ओळखीची आहेत.)

आपला नेहमीचा वाचक,
एक साऊंडवाला, शहापूर, बेळगाव